बांधणीला गेलेली पुस्तकं

ती गोष्ट आठवली की आजही माझं डोकं फिरतं. पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेल्या भांडणात सख्ख्या भावांनी एकमेकांवर उगारलेल्या कुऱ्हाडी पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता विसरायला झालं आहे. पण दोनशे जुन्या पुस्तकांचं एक साधं प्रकरण काही केल्या विसरत नाही. एक तर त्यात मी स्वतः आधी चुकीच्या माणसाला धरलं होतं. आणि दुसरं म्हणजे, ज्याने खरा गुन्हा केला तो शेवटपर्यंत मलाच विचारत राहिला, "सायेब, एवढं काय हाये त्याच्यात? जुनी पुस्तकं तं होती."

काय होतं त्यात, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. नावं कुणाचीच देत नाही. गाव समुद्रपूरच्या बाजूचं, एवढं पुरे.

ती माझी शेवटची पोस्टिंग. मी मूळचा आष्टी तालुक्यातला. घरी वऱ्हाडीच बोलतो, पण वर्दी चढवली की जीभ आपोआप पुस्तकी व्हायची. ठाणेदाराने असंच बोलावं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

एका सोमवारी सकाळी हजेरी घेऊन झाली होती, समन्स वाटायला माणसं निघाली होती, मी स्टेशन डायरी वाचत होतो. तेवढ्यात गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सचिव दोन सभासदांना घेऊन आत आले. पन्नाशीचा माणूस, गावात स्वतःचं कृषी केंद्र, कपडे कडक इस्त्रीचे. टाइप केलेला अर्ज पुढे ठेवला. वाचनालयातली सुमारे दोनशे जुनी पुस्तकं गायब आहेत, पुढच्या महिन्यात सरकारी तपासणी आहे, आणि संशय ग्रंथपाल बाईंवर आहे, असा मजकूर.

"संशय काऊन?" असं माझ्या तोंडात आलं होतं. मी विचारलं, "संशयाचं कारण काय?"

"चावी तिच्याजवळच राह्यते सायेब. दुसरं कोन नेईन?" सचिव म्हणाले. मग खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाज खाली आणून, "वस्तीतली बाई हाये. आमी विश्वासानं ठेवली होती, पण..."

त्या 'पण'च्या पुढे ते थांबले. पुढचं वाक्य मला कळलं होतं, त्यांनाही ते कळलं होतं. बाई बौद्ध वस्तीतल्या होत्या. त्या माणसाला मी तिथेच झापायला हवं होतं. झापलं नाही. चहा मागवला. या गोष्टीची मला सचिवापेक्षाही जास्त चीड येते.

दुसरी चूक लगेच केली. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नये, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यावा, हा नियम मला पाठ होता. पण त्या दिवशी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताची गडबड होती. मी एका शिपायाला म्हटलं, "बोलावून घे त्यांना." शिपाई मोटारसायकलवर गेला आणि गावच्या चौकात, चार लोकांदेखत, "तुमाले ठान्यात बलावलं" असं सांगून आला. त्याच क्षणी बाई चोर ठरल्या. पुढचा तपास गावाच्या दृष्टीने संपला होता.

जमादाराला मी घटनास्थळ पाहायला पाठवलं. तो वाचनालयाच्या पुढच्या खोलीत बसला, सचिवांसोबत चहा प्याला, मागच्या खोलीला कुलूप होतं म्हणून ती न पाहता परत आला. मीही विचारलं नाही.

बाई दहाला आल्या. साठीच्या जवळपास वय, बारीक अंगकाठी, पांढरं सुती पातळ, खांद्यावर कापडी पिशवी. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तास वाचनालय उघडायच्या, हाती येणारं मानधन सांगायलाही लाज वाटावी असं. सव्वीस वर्षं हेच काम. मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि मीटिंगला गेलो. परत यायला दोन वाजले.

त्या उठून उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "चार घंटे झाले जी. वाचाले काईच नाई तुमच्या ठान्यात. भितीवरचे हरवलेल्या मानसायचे कागद दोनदा वाचले."

मला वाटलं, बाई तोऱ्यात आहे. आज वाटतं, याहून खरी तक्रार माझ्या ठाण्यात कुणी केली नव्हती.

त्यांनी पिशवीतून वाचनालयाची दाखल नोंदवही काढली. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात क्रमांकाने लिहिलेलं असतं. गायब पुस्तकांपुढे पेन्सिलने एकच शब्द होता, 'बांधणीला'.

"लेकीच्या बाळंतपनाले नागपूरले गेलती मी, आठ दिवस, चावी सचिवायजवळ देऊन. वापस आली तं मांगच्या खोलीतल्या आलमाऱ्या रिकाम्या. सचिवायले विचारलं. म्हने, बांधनीले पाठवले वर्ध्याले. दोन महिन्यांनं पुना विचारलं. म्हने, येतीन. मंग त्या खोलीले त्यायनं आपलंच कुलूप घातलं."

"मग लेखी का नाही घेतलं? पावती?"

"सचिवाले पावती मांगाची?" त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "तू कोन विचारनारी, म्हनतीन ना मले. म्हनून पेन्सिलीनं लिहून ठेवलं. आले की खोडता येते."

माझ्यातला पोलीस म्हणाला, पेन्सिलीने काय, कालही लिहिता येतं. मी अहवालात नोंद केली, 'समाधानकारक खुलासा करू शकल्या नाहीत.' खात्यात हे वाक्य आम्ही सर्रास लिहितो. ते लिहायला डोकं लागत नाही.

समितीने दुसऱ्याच दिवशी बाईंकडून चावी काढून घेतली. वाचनालयाच्या दारावर 'तपासणीसाठी बंद' असा कागद लागला. बाई किराणा दुकानात गेल्या की बोलणं थांबायचं, हे मला नंतर कळलं. लेकीच्या सासरी नागपूरला फोन गेला होता, हेही नंतरच कळलं. तुमची विहीण चोरीत सापडली म्हणून.

आठव्या दिवशी एसटीचा एक कंडक्टर ठाण्यात आला. खाकी शर्ट, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तो त्याच गावचा.

"सायेब, वर्ध्याले गाडी अर्धा घंटा थांबते. मी तिकडं जुन्या पुस्तकाच्या दुकानात जात असतो. काल हे भेटलं," तो म्हणाला आणि कागद सोडला.

आत एक जाड, जुनं पुस्तक होतं. पुठ्ठ्याच्या पाठीवर हिरव्या काठाची कापडी पट्टी खळीने चिकटवलेली.

"हे कापड पाहा. आमच्या बाईच्या लुगड्याचं हाये. पुस्तक फाटलं की बाई घरचं जुनं लुगडं फाडून पट्टी लावते. मी शाळेत होतो तवा हेच पुस्तक तीन खेपा नेलं होतं. मले हात लावल्याबरोबर समजलं." त्याच्या आवाजात राग होता. "बाईनं चोरलं म्हनते गाव. जे बाई सोताचं लुगडं फाडते, ते पुस्तक चोरीन का सायेब?"

मी पुस्तक उघडलं. पुस्तकाचं पहिलं पान फाडलेलं होतं, शेवटचंही. ज्या दोन पानांवर वाचनालयाचा गोल शिक्का असतो, नेमकी तीच दोन.

त्याच दुपारी साध्या कपड्यांत वर्ध्याला गेलो. दुकान म्हणजे टिनाची टपरी, आत माणूस आडवा होऊनच शिरेल एवढी जागा. मालक म्हातारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी ओळखपत्र दाखवल्यावर घाबरला नाही, उलट खवळला.

"मी चोर नाई. टेम्पो आलता भरून. मानूस म्हने, घरची रद्दी हाये. मी पाह्यलं तं असे पुस्तकं! म्हटलं, हे गेले तं लगदा होईन यायचा. जागा नव्हती तरी निम्म्याहून जास्त उतरवून घेतले. बाकीचे तो पिपरी मेघेच्या गोदामात घेऊन गेला."

"टेम्पो कुणाचा होता?"

"खताच्या दुकानाचं नाव होतं ना त्याच्यावर. एवढालं."

त्याने दुकानाचं नाव सांगितलं. ते सचिवांच्या कृषी केंद्राचं होतं.

शेजारच्या पिपरी मेघे गावातल्या रद्दीच्या गोदामातही गेलो. पावसापासून झाकलेल्या गठ्ठ्यांमध्ये माझी दोन माणसं चार तास शोधत होती. काही पुस्तकं मिळाली. बाकीचा माल आधीच कागद गिरणीकडे रवाना झाला होता. दोन्हीकडची मिळून एकशे साठ पुस्तकं जप्त केली. चाळीस गेली ती गेलीच. पंचनाम्यात मुद्देमालाची अंदाजे किंमत लिहावी लागते. त्या रकान्यात रद्दीचा भाव लिहिला, कारण त्या कागदावर दुसरा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः वाचनालय उघडायला लावलं. मागच्या खोलीत खताची पोती छतापर्यंत रचलेली होती. भिंतीवर आलमाऱ्यांच्या जागी उजळ चौकोन राहिले होते. म्हणजे एवढंच होतं कारण. हंगामाच्या तोंडावर माल ठेवायला जागा हवी होती आणि पुस्तकं आड येत होती. पैशासाठी चोरी केली असती तर मला एकवेळ समजलं असतं. इथे दोनशे पुस्तकांना फक्त बाजूला सारायचं होतं, जसा अंगणातला कचरा सारतात तसा. पुढे तपासणीची नोटीस आली आणि हिशोब जुळेना, तेव्हा एक बाई बाजूला सारायची होती. ती तर आणखी सोपी.

पण राग आला म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. सचिव काय म्हणणार हे मला दिसत होतं. टेम्पो रोज वर्ध्याला जातो, घरची रद्दी नेली, कापडाच्या पट्ट्या लावलेली पुस्तकं कुठंही मिळतात. शिक्का कुठाय?

तेव्हा मी नियमाप्रमाणे बाईंच्या घरी गेलो, सोबत महिला शिपाई आणि जमादार. पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक उघडलंच नाही.

"बाई, ही पुस्तकं वाचनालयाचीच आहेत हे सिद्ध कसं करायचं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "या दोघायले बाहेर पाठवा."

दोघं अंगणात गेल्यावर त्यांनी दार लोटलं. "पहिल्या आन शेवटच्या पानावरचा शिक्का सगळ्यायले दिसते. त्याच्याबिगर मंधात एक पान ठरलेलं असते. प्रत्येक पुस्तकात तेच पान. त्याच्यावर बारका शिक्का आन दाखल नंबर. त्याले आमी गुप्त पान म्हनतो. ते ग्रंथपालाशिवाय कोनाले सांगाचं नसते. माह्या आधीच्यायनं मले सांगितलं, मी माह्या नंतरच्याले सांगीन. सचिवालेबी सव्वीस वर्षांत सांगितलं नाई."

"मग त्या दिवशी ठाण्यात का नाही सांगितलं?"

"तिथं दहा मानसं उभी होती. सांगितलं असतं तं उरलेल्या साऱ्या पुस्तकायचं तेच पान उद्या फाडलं असतं."

मी मान खाली घातली. ज्या बाईला आम्ही चोर म्हणून बाकावर बसवलं होतं, ती त्या बाकावर बसूनही वाचनालयाची राखण करत होती. त्यांनी मला पानाचा आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही.

दोन पंचांसमोर ठाण्यात पुस्तकं मांडली आणि सचिवांना बोलावलं. ते आले तेव्हाही चेहऱ्यावर चिंता नव्हती. ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन त्यांच्या आधी येऊन गेला होता. चौकशीत मी आवाज चढवत नाही. जो खोटं बोलतो त्याला बोलू द्यावं, मध्ये थांबवू नये, हे मी नोकरीत शिकलो. मी एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"हे तुमच्या वाचनालयाचं आहे का, पाहून सांगा."

त्यांनी पुठ्ठा उघडला, पहिलं पान असायला हवं तिथे बोट ठेवलं. मग चाळत न बसता थेट शेवट गाठला. "शिक्का कुठाय सायेब? आमच्या पुस्तकावर पहिल्या आन शेवटच्या पानावर शिक्का राह्यते. याच्यात तं ते पानंच नाई. हे कोनाचंबी असू शकते."

"दुसरं पाहा."

दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. प्रत्येक वेळी बोट बरोबर त्याच दोन जागी जात होतं. पंच एकमेकांकडे पाहू लागले.

मग मी पुस्तक परत घेतलं आणि ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. जांभळ्या शाईचा बोराएवढा शिक्का, वाचनालयाचं नाव, खाली बाईंच्या हस्ताक्षरातला नंबर. नोंदवहीत तोच नंबर, त्याच पुस्तकाचं नाव, पुढे पेन्सिलने 'बांधणीला'.

सचिव पुस्तकावर वाकले. "हे... हे आमाले माहीतच नव्हतं," ते म्हणाले, आणि त्या एका वाक्यात सगळं आलं. नंतर पाणी मागितलं, टेम्पो कबूल केला, पानं कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून फाडली हे कबूल केलं. आणि जबाबाच्या शेवटी पुन्हा तेच, "पन सायेब, वाचते कोन आता?"

"कंडक्टर वाचते," मी म्हणालो. माझ्या तोंडून वर्दीत पहिल्यांदा वऱ्हाडी निघाली.

सचिवांवर विश्वासघाताचा आणि खोटी तक्रार दिल्याचा गुन्हा दाखल झाला. जामीन दोन दिवसांत मिळाला. खटला अजून तारखांवर आहे. प्रकृतीचं कारण देऊन त्यांनी सचिवपद सोडलं, समितीने त्यांच्या आभाराचा ठराव केला. होय, आभाराचा. कोर्टाच्या आदेशाने एकशे साठ पुस्तकं वाचनालयात परत गेली. ती ताब्यात घेतल्याची सही करायला समितीतलं कुणी पुढे येईना, कारण उद्या साक्षीला यावं लागेल. सही बाईंनी केली. ज्यांना चोर म्हटलं, मुद्देमाल त्यांच्याच ताब्यात दिला. चावीही गुपचूप परत आली. माफी कुणी मागितली नाही. त्यांनी नाही, आणि मीही नाही. मी निवृत्त झालो आणि वर्ध्याला राहायला आलो.

नोकरीत मला वाटायचं, चोरी म्हणजे ज्याची वस्तू गेली त्याचं नुकसान. त्या प्रकरणाने दाखवलं की वस्तू कुणाच्या मालकीची नसली की लोकांना ती चोरी वाटतच नाही. सगळ्या गावाची म्हणजे कुणाचीच नाही. आणि जो माणूस अशी वस्तू जिवापाड जपतो, त्याच्यावरच पहिला संशय येतो, कारण तिच्याजवळ तेवढाच एक असतो. चावी कुणाकडे आहे हे आम्ही लगेच विचारतो. खोली कुणाला हवी होती, हे विचारायला आठ दिवस लावतो. याचा मला अजून संताप येतो आणि तो जायला नको असंच वाटतं.

आता माझी एक सवय झाली आहे. जुन्या पुस्तकांच्या त्या टपरीवर जातो आणि प्रत्येक जुन्या पुस्तकाचं ते एक पान उघडून पाहतो. मालक हसतो, "ठानेदार, अजून तपास सुरूच हाये का?" कायमच्या गेलेल्या त्या चाळिसांत एक पुस्तक बाईंच्या वडिलांनी दिलेलं होतं. त्यांनी लोकांच्या शेतावर सालदार म्हणून राबत चाळिशीत अक्षरं शिकली आणि आयुष्यात पहिलं वाचलेलं ते पुस्तक वाचनालयाला दिलं. हे मला कंडक्टरने सांगितलं. बाईंनी कधीच नाही.

मागच्या थंडीत एका गठ्ठ्यात हिरव्या काठाची पट्टी दिसली. पान उघडलं, जांभळा शिक्का होता. गिरणीकडे जाण्याआधी गोदामातून कुणीतरी उचललेलं असणार. वडिलांचं पुस्तक नव्हतं ते. कापसावरच्या किडींची माहिती देणारं जुनं पुस्तक होतं. तरी मी ते लगेच विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून त्या गावी गेलो.

वाचनालयात दोन मुली वर्तमानपत्र वाचत होत्या. बाईंनी मला खुर्ची दिली, पुस्तक घेतलं, माझ्याकडे पाठ करून ते पान पाहिलं, मग नोंदवही काढली. त्या नंबरपुढची पेन्सिल कुणीतरी खोडली होती. त्या जागी लाल शाईत लिहिलं होतं, 'गहाळ. ग्रंथपालाच्या निष्काळजीपणामुळे.' तपासणीच्या वेळी समितीने लिहिलेलं. सगळ्या चाळीस नोंदींपुढे हेच वाक्य. गुन्हा दाखल झाल्यानंतर, सचिवांच्या कबुलीनंतर लिहिलेलं.

माझं रक्त उसळलं. "बाई, हे तुमी कशाले राहू देलं?"

"नोंदवहीत खाडाखोड चालत नाई जी," त्या म्हणाल्या. लाल ओळीखाली त्यांनी निळ्या शाईत लिहिलं, 'मिळाले.' आणि पेन माझ्यापुढे धरला. "तुमी आनलं. पंच म्हनून सही करा."

आयुष्यात हजारो पंचनामे केले, पंच म्हणून सही कधी केली नव्हती. मी आधी लिहिलं, 'वरील शेरा खोटा आहे. ग्रंथपालाची चूक नव्हती. तपास मी केला होता.' मग पूर्ण नाव, निवृत्त पोलीस निरीक्षक, आणि सही. पेन परत देताना म्हणालो, "चुकलं माह्यं बाई. त्या दिवशी तुमाले बाकावर बसवलं."

त्यांनी मी लिहिलेलं सावकाश, अक्षर अक्षर वाचलं. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. मग पानं उलटत, लाल ओळींवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेल्या आणि वही बंद केली.

"अजून एकोनचाळीस राह्यले सायेब," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत तोच कंडक्टर होता. मी त्याच्याकडून वर्ध्याचं तिकीट घेतलं आणि स्टँडवर उतरून घरी न जाता टपरीकडे वळलो.